अण्णा रेठरेकरांची ब्रॉडगेज

अण्णा रेठरेकरांच्या बागेत रेल्वे होती. फक्त गाडी नव्हती.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथे मला नोकरी लागली होती आणि मी चिंचवड स्टेशनाच्या आसपास खोली शोधत हिंडत होतो. कुणीतरी अण्णांचं घर दाखवलं. मी आवारात पाऊल टाकतो तोच पेरूच्या झाडाखालून आवाज आला, "थांबा. आधी दोन्ही बाजूंना बघा."

मी बघितलं. डावीकडे कोथिंबिरीचा वाफा होता, उजवीकडे तुळस होती आणि मधून, माझ्या बुटांच्या पुढ्यात, चार बोटं अंतरानं दोन रूळ गेले होते.

"काही येत नाही ना?" आवाजानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग या."

तेव्हा गाडी नसलेल्या त्या रेल्वेवर पुढे मी चार वर्षं भाडेकरू म्हणून राहिलो. त्या चार वर्षांत दोन्ही बाजूंना न बघता मी एकदाही खोलीवर गेलो नाही. आता दुसरीकडे राहतो, तरी अजून कुणाच्या अंगणात शिरताना मान आपोआप डावीउजवीकडे वळते. लोक समजतात की हा कुत्र्याला भितो.

अण्णा रेल्वेतून रिटायर झाले होते. पण रेल्वेतले म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ड्रायव्हर येतो, गार्ड येतो, निदान तिकीट तपासनीस तरी. अण्णा यांतले कुणी नव्हते. ते रस्त्याच्या खात्यातले. रूळ, स्लीपर, खडी, पूल हे ज्यांनी सांभाळायचं त्यांतले. दौंडपासून सोलापूरकडे जाणाऱ्या लाइनीवर चौतीस वर्षं त्यांनी उन्हातान्हात रूळ तपासले आणि गाडी आली की बाजूला होऊन हिरवा झेंडा धरून उभे राहिले. गाडी गेली की पुन्हा रूळ तपासले. या नोकरीनं त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, किंचित वाकलेली पाठ. दुसरी, जगाकडे खात्यांच्या हिशेबानं बघण्याची सवय.

दूध उतू जात असलं तरी ते जागचे हलत नसत. "माईचं खातं," म्हणत. माई म्हणजे त्यांची बायको. पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला जाणं हे अण्णांचं खातं, पण पाहुण्यांशी बोलणं माईंचं. एकदा माझ्या खोलीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा छप्पर घरमालकाच्या खात्यात येतं की भाडेकरूच्या, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. तोवर माई शिडी लावून कौल बदलून आल्या.

बागेतली लाइन मात्र सर्वस्वी अण्णांचं खातं होती. तीन वर्षं खपून त्यांनी ती घातली होती. घराभोवती सव्वादोनशे फुटांचा पूर्ण फेरा. बाभळीच्या फळ्यांचे बोटभर स्लीपर, त्यावर चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेली लोखंडी पट्टी, खाली चाळून घेतलेली बारीक खडी. नळाच्या पन्हाळीवर एक पूल, पेरूच्या मुळापाशी एक वळण. वळणाच्या अलीकडे वीतभर उंचीची पाटी, 'वेग कमी करा'. रोज सकाळी सहाला अण्णा खाकी हाफपँट घालून, हातात छोटी हातोडी घेऊन ओणव्यानं सगळा फेरा मारत. टक टक आवाज यायचा. मधूनच थांबून कमरेची पितळी पट्टी रुळांवर आडवी ठेवून बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "बरोबर आहे."

ती पट्टी म्हणजे गेज. दोन रुळांमधलं अंतर मोजायचं माप. आपल्याकडची मोठी लाइन साडेपाच फुटी. अण्णांनी फुटाला अर्धा इंच धरून तिची हुबेहूब लहान प्रत काढली होती, पावणेतीन इंच. त्यात केसाएवढा फरक पडला तरी त्यांना जेवण जात नसे.

चिखलीहून धोंडिबा बैलगाडीत खडी घेऊन यायचा. त्यानं एकदा विचारलंच.

"आन्ना, समदं झालं. आगीनगाडी कंदी येनार?"

"रस्ता आधी, धोंडिबा. गाडी काय, आज ना उद्या येईल."

"आमच्या गावात उलटं हाय," धोंडिबा म्हणाला. "गाड्या हायेत, रस्ता न्हाई."

गाडी येत नव्हती याचं कारण असं की अण्णांना पसंत पडेल अशी गाडीच मिळत नव्हती. पुण्यात किल्लीनं चालणारी खेळणी मिळत. ती बघून अण्णा दुकानातून तोंड फिरवून बाहेर येत. विजेची तर बातच नको. आमच्या समोरची मुंबई-पुणे लाइन तेव्हाही विजेवर चालायची. त्या इंजिनांना अण्णा 'पंखे' म्हणत. "डेक्कनचा पंखा गेला, साडेसात झाले असतील," असं ते बोलत. त्यांना पाहिजे होतं खरं वाफेचं इंजिन, कोळसा खाणारं, पाणी पिणारं. लहान, पण खरं.

ते मी मिळवून दिलं, हे इथे नमूद करतो, कारण पुढे जे झालं त्याचा अर्धा दोष माझ्याकडे येतो.

आमच्या कारखान्याच्या बॉयलरवर एक जण होता. तो म्हणाला, खडकीला सोराबजी म्हणून एक पारशी म्हातारा राहतो, रेल्वेच्या इंजिन खात्यातून फोरमन म्हणून रिटायर झालाय. बायको गेली, मूलबाळ नाही. आता घर मोडून बहिणीकडे नवसारीला चाललाय. त्याच्याकडे वाफेचं छोटं इंजिन आहे. एका साहेबानं विलायतेला जाताना मोडकं टाकून दिलं होतं, यानं नवा बॉयलर घालून जिवंत केलं.

मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "इंजिन खात्यातला आहे होय?"

तो सूर ऐकून मला कळलं की हे दोन खात्यांचं जुनं वैर आहे. इंजिनवाले वर बसून वाऱ्यासारखे जाणार, रस्तेवाले खाली उभे राहून डोळ्यांतला कोळसा काढणार. इंजिनवाल्यांनी रस्तेवाल्यांना कधी मोजलं नाही आणि रस्तेवाल्यांनी ते कधी विसरलं नाही.

तरी रविवारी आम्ही खडकीला गेलो. अण्णांनी कोट घातला होता.

सोराबजी उंच, वाळलेले, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. घरातलं निम्मं सामान गेलेलं होतं, भिंतींवर तसबिरींच्या जागा तेवढ्या उरल्या होत्या. मधल्या टेबलावर इंजिन होतं. हिरवं, दोन हात लांब, पितळेचा घुमट, खऱ्या इंजिनाएवढं ऐटबाज. अण्णांनी ते बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मुलगी बघायला गेलेला मुलगा असंच करतो.

"शोकेसमध्ये ठेवायला पायजे?" सोराबजींनी विचारलं. "तसा असेल तर चा पिऊन जा बाबा. हे चालायचा इंजिन हाय."

"माझी लाइन आहे," अण्णा म्हणाले.

"किती?"

"सव्वादोनशे फूट. पूर्ण फेरा."

सोराबजींनी चष्मा सारखा केला. मग सवालजबाब सुरू झाले. वळण किती फुटी? चढ कितीचा? खडी किती खोल? वळणावर बाहेरचा रूळ उचललाय का? अण्णा खाडखाड उत्तरं देत होते. मला तर वाटलं, एवढे प्रश्न माझ्या नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा विचारले नव्हते. शेवटी सोराबजी मान हलवून म्हणाले, "पक्का काम केला तुमी."

फक्त गेज कुणी विचारला नाही. रस्तेवाल्याला गेज विचारणं म्हणजे भटजीला जानवं आहे का विचारणं, म्हणून सोराबजींनी विचारला नाही. आणि इंजिनाची चाकं बघणं हे इंजिन खात्याचं काम, म्हणून अण्णांनी ती मोजली नाहीत. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही इंजिनाची चाकं मोजली नव्हती. रूळ बरोबर असले की इंजिन त्यावर बसतंच, हा त्यांचा अनुभव होता.

पैशांचं बोलणं दोघांनी दोन वाक्यांत उरकलं, कारण दोघांनाही त्याची लाज वाटत होती. मग सोराबजी म्हणाले, "एक शर्त हाय. पैली स्टीम मी करणार. नवसारीला जायच्या आधी एकदा चालताना बघायचा हाय मला. नऊ वरस झाला. बायको होती तवर आमी इथे टेबलावर ठेवून चाकं फिरवायचो नुस्ती. लाइन कुठे होती आमच्याकडे?"

"या," अण्णा म्हणाले. "तिसऱ्या रविवारी या. शब्द दिला."

येताना पॅसेंजरमध्ये अण्णांनी इंजिन मांडीवर घेतलं होतं. आमची गाडी विजेचं इंजिन ओढत होतं. अण्णा खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "पंख्याला सांगा, मागे कोण बसलंय."

घरी माईंनी इंजिनावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, धुराड्याला हळदकुंकू लावलं. अण्णांनी हातपाय धुतले. मग दोन्ही हातांनी इंजिन उचलून पेरूखालच्या सरळ रुळांवर ठेवलं.

एका बाजूची चाकं रुळावर बसली. दुसऱ्या बाजूची आत, खडीत पडली.

अण्णांनी इंजिन उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मग त्यांनी कमरेची पितळी पट्टी काढून रुळांवर आडवी धरली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

आणखी तीन ठिकाणी जाऊन मोजून आले. तिथेही बरोबर होतं. मग पहिल्यांदाच, चोरासारखं इकडेतिकडे बघत, त्यांनी इंजिनाच्या चाकांना माप लावलं. अडीच इंच. सुतारी भाषेत दोन सूत कमी.

चूक कुणाचीच नव्हती. इंजिन विलायती होतं आणि विलायतेची मोठी लाइनच आपल्याहून अरुंद, पाच फुटांचीसुद्धा नाही. तिथले लोक तिचीच लहान प्रत काढणार. आणि चौतीस वर्षं साडेपाच फुटांवर काढलेल्या अण्णांच्या मनात दुसरं माप कसं येणार? जगात याहून वेगळी रेल्वे असते हे त्यांना ठाऊक होतं, जसं आपल्याला ठाऊक असतं की जगात कुठेतरी माणसं बेडूक खातात.

ते रात्री जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस इंजिन ओसरीवर, माईंच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेलं होतं.

मी उपाय सुचवले. आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपात एक लेथवाला आहे, तो नवे आस करून चाकं दोन सूत रुंद बसवील. चार तासांचं काम.

"त्याच्या हातचं आहे ते," अण्णा म्हणाले. "नऊ वर्षं त्यानं रोज पुसलंय. मी कोण त्यात हात घालणार? ते माझं खातं नाही."

"मग त्यांना कळवून टाका की जमत नाही म्हणून," माई म्हणाल्या. "सरळ माणूस दिसतोय. समजून घेईल."

"काय कळवू?" अण्णा एकदम चिडले. "घर मोडून चाललेल्या माणसाला कळवू, की तुझ्या इंजिनाला माझ्याकडे जागा नाही?"

मला तोवर वाटत होतं की अण्णांना दुःख त्यांच्या गाडीचं होतंय.

तिसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून मी दुपारी साडेतीनला घरी आलो. दारापाशी थांबून दोन्ही बाजूंना बघितलं आणि बघतच राहिलो. कोथिंबिरीच्या वाफ्याजवळ लाल झेंडी रोवलेली होती. शेजारी पाटी होती, 'काम चालू. लाइन बंद.' ज्या लाइनीवरून तीन वर्षांत एक डबा गेला नव्हता ती आता अधिकृतपणे बंद झाली होती. आणि अण्णा उकिडवे बसून पक्कडीनं रुळाच्या चुका उपटत होते.

"दोन सूत आत घेतोय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

मला वाटलं, सोपं आहे. एक रूळ तसाच ठेवायचा, दुसरा दोन सूत आत सरकवायचा. मी तसं म्हणालोही. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तुळस उपटायला सांगितली.

"आणि मध्यरेषा? ती एका अंगाला जाईल त्याचं काय? दोन्ही रूळ एकेक सूत घ्यायचे."

म्हणजे काम दुप्पट झालं. शिवाय नवी अडचण अशी की एका सुताच्या अंतरावर नवी चूक ठोकली की ती जुन्या भोकात घसरायची. प्रत्येक जुनं भोक बुजवणं आलं. स्लीपर शेकड्यांनी, प्रत्येकाला चार भोकं. त्यावर माईंनी तोडगा काढला. त्यांनी अंगणातला नवा खराटा सोडला, हीर कातरून त्यांचे तुकडे केले आणि सरसात बुडवून एकेका भोकात ठोकायला सुरुवात केली. "हे कुणाचं खातं?" मी विचारलं. "खराटा माझा आहे ना," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघं रोज उजेड असेतोवर खपत होतो. अण्णांचे गुडघे सुजले. मी रुळाची लोखंडी पट्टी धरायची, त्यांनी नवं माप लावायचं. नव्या मापाची पट्टी त्यांनी लाकडाची केली होती, पितळेची करायला त्यांचं मन झालं नाही. एका संध्याकाळी वळण पूर्ण झालं तेव्हा ते मागे सरून बघत म्हणाले, "आता ही ब्रॉडगेज राहिली नाही."

"मग कुठली झाली?"

"कुठलीच नाही. पाहुण्याच्या सोयीची."

चौतीस वर्षं ज्या गोष्टीत केसाएवढी ढिलाई केली नाही ती या माणसानं आपल्या हातानं उपटून काढली होती, आणि तीही इंजिनवाल्यासाठी. मला त्या दिवशी अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी पट्टी धरून उभा होतो.

तिसऱ्या रविवारी सकाळी सोराबजी टांग्यातून उतरले. पांढरा डगला, काळी टोपी, हातात तेलाची झारी. अण्णांनी त्यांना कशाचा पत्ता लागू द्यायचा नाही असं आम्हाला बजावून ठेवलं होतं. बुजवलेल्या भोकांवर माती चोळून ठेवली होती. माई अडकित्त्यानं दगडी कोळसा कातरत बसल्या होत्या, सुपारीच्या खांडाएवढा. सोराबजी ते बघून इतके खूश झाले की म्हणाले, "असा फायरमन मला सर्व्हिसमध्ये भेटला नाय."

ते इंजिन घेऊन रुळापाशी गुडघे टेकून बसले. चाकं अलगद रुळांवर बसली. सोराबजींनी इंजिन जरा मागेपुढे ढकललं, मान हलवली आणि तेल द्यायला वाकले. मग हात थांबला. चष्मा वर करून त्यांनी स्लीपर जवळून बघितला. एका भोकावरून बोट फिरवलं. पुढचा स्लीपर बघितला. त्याच्या पुढचा बघितला. गुडघ्यांवर रांगत हातभर पुढे गेले.

अण्णा आकाशाकडे बघत होते.

"किती वरस लागला लाइन करायला?" सोराबजींनी विचारलं.

"तीन," अण्णा म्हणाले.

"आणि उपटायला?"

अडकित्ता वाजायचा थांबला.

"सतरा दिवस," माई म्हणाल्या.

"हे तुझं खातं नाही," अण्णा पुटपुटले.

सोराबजींनी रुमालानं चष्मा पुसला, तो जरा जास्तच वेळ पुसला, आणि कोळसा मागितला.

अर्ध्या तासानं वाफ धरली. शिट्टी वाजली तेव्हा शेजारची दोन घरं बाहेर आली. इंजिन फुसफुसलं, जागीच थरथरलं आणि निघालं. तुळशीजवळून, पन्हाळीच्या पुलावरून, कोथिंबिरीला धूर देत. सोराबजी शेजारून वाकून चालत होते, सत्तरीचा माणूस, टोपी हातात धरून. मी अण्णांना शोधत होतो. ते जवळ नव्हतेच. पेरूखालच्या वळणावर, रुळापासून दोन पावलं दूर, हातात हिरवी झेंडी धरून ते उभे होते. गाडी येताना त्यांची नजर गाडीवर नव्हती. चाकांखालच्या रुळांवर होती.

पहिला फेरा सुखरूप झाला. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन पेरूपाशी आलं आणि सोराबजींनी हात घालून वाफ बंद केली. इंजिन अण्णांच्या पुढ्यात थांबलं.

अण्णा दचकले. झेंडी टाकून धावले आणि खाली वाकले. "काय झालं? रस्त्यात काही आहे का?"

"रस्ता एकदम बरोबर हाय," सोराबजी म्हणाले. "तुमाला भेटायला उभी केली."

आणि त्यांनी हात पुढे केला. अण्णांना तो घ्यायला जरा वेळ लागला. आधी त्यांनी आपला हात हाफपँटीला पुसला.

सोराबजी दुपारी जेवून गेले. नवसारीहून वर्षातून दोन पत्रं यायची, एक इंजिनाच्या नावानं आणि एक रस्त्याच्या. अण्णांनी ती कुणाला वाचू दिली नाहीत. पण त्या दिवशी टांगा वळल्यावर ते रुळाशेजारी खाली बसले आणि मी न विचारता बोलायला लागले.

"रस्तेवाल्यासाठी गाडी थांबते ती दोनच कारणांनी," ते म्हणाले. "रूळ तुटला तर, नाहीतर माणूस सापडला तर. सगळं ठीक असलं की गाडी निघून जाते. ठीक असावं हीच तर नोकरी. चौतीस वर्षं उभा राहिलो, किती ड्रायव्हर गेले असतील, एकाचं तोंड नीट बघितलं नाही मी. त्यांनी माझं बघितलं नाही. मला त्याचं कधी काही वाटलंही नाही."

त्यांनी एक खडा उचलून स्लीपरच्या कडेला नीट बसवला.

"आज एक जण गाडी थांबवून उतरला हो," ते म्हणाले, आणि नाक ओढत माईंनी दिलेला चहा प्यायला लागले.